कुशाबाईचा वाकडा ट्रे

आमच्या दवाखान्यात कुणाला उलटी होणार हे आधी कुशाबाईला कळायचं, मग पेशंटला, आणि सगळ्यात शेवटी मला. मी तिथली भुलीची डॉक्टर. ऑपरेशनच्या आधी माणसाला झोपवायचं आणि नंतर धडधाकट उठवायचं, हे माझं काम. ऑपरेशन नीट झालं की सर्जनच्या नावानं पेढे वाटले जातात. आमची आठवण 'ती सुईवाली बाई' एवढीच राहते, आणि तीही शुद्धीवर आल्यावर भडाभडा ओकायला झालं तरच. त्यामुळे उलटी या प्रकारावर माझा फार जुना राग आहे.

मी मूळची दौंडची, वडील रेल्वेत गार्ड. शिरूरला एका ट्रस्टनं तीस खाटांचा दवाखाना काढला, तेव्हा पुण्यात नोकरी मिळत असूनही मी इकडे आले. मोठ्या हॉस्पिटलात वरिष्ठांचं मुकाट ऐकून घ्यावं लागलं असतं, आणि ते माझ्याच्यानं होत नाही. चौफुल्यावरून न्हावऱ्यामार्गे एस.टी.नं यायचं, आठवडाभर राहायचं, शनिवारी आईकडे परत जायचं, असं चालायचं. पहिल्याच आठवड्यात माझं आणि कुशाबाईचं वाजलं.

झालं असं की, बबनराव नावाच्या एका गृहस्थांना हर्नियाचं ऑपरेशन करून आम्ही वॉर्डात आणलं होतं. मी नाडी बघितली, रक्तदाब बघितला, सगळं उत्तम. नातेवाइकांना मोठ्या तोऱ्यात सांगत होते, "काही काळजी करू नका, छान आहेत." तेवढ्यात निळी साडी वर खोचलेली एक उंच, हडकुळी बाई कोपऱ्यातून आली. तिनं मला खांद्यानं बाजूला सारलं, बबनरावांना कुशीवर वळवलं, एका हाताचा तळवा त्यांच्या टाक्यांवर दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं उलटी धरायचा, काजूच्या आकाराचा वाकडा ट्रे त्यांच्या गालाखाली सरकवला. तिला झापायला मी तोंड उघडणार, त्याच्या आत बबनरावांनी उघडलं.

नंतर मी तिला बाजूला घेतलं. "मला विचारल्याशिवाय माझ्या पेशंटला हात लावायचा नाही."

"व्हय बाई," ती शांतपणे म्हणाली. "पर तुमास्नी इचारस्तोवर त्यांचं समदं चादरीवर आलं आसतं. आन् चादर मला धुवावी लागती."

ही कुशाबाई. आमच्याकडची आया. वय चाळिशीच्या आसपास, म्हणजे माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी. माहेर कासुर्डीचं, सासर शिरूरबाहेरच्या वस्तीवरचं. धनगराची लेक, लहानपण बापाच्या मेंढरांमागं रानोमाळ गेलेलं. आता नवऱ्याची, गेणबाची, दोन एकर बागायत होती आणि सवय सुटत नाही म्हणून ठेवलेली बारा मेंढरं. शाळेचं तोंड तिनं बघितलं नव्हतं, पण वॉर्डातल्या तीसही खाटांवर कोण आहे, कुणाला काय झालंय आणि कुणाची सून चोरून थर्मासमधून चहा पाजते, हे तिला तोंडपाठ असायचं. ऑपरेशन होऊन तास झाला नाही तोवर "उपाशी हाय वो, घोटभर च्या तरी द्या" म्हणणाऱ्या नातेवाइकांची तर ती कर्दनकाळ होती. जप्त केलेले थर्मास तिच्या खिडकीत ओळीनं मांडलेले असत.

पुढं आमचं जमलं. एकदा मी तिला विचारलं, "कुशाबाई, तुम्हाला आधी कळतं कसं?"

तिला प्रश्नच चमत्कारिक वाटला. "मेंढरू बोलतंय व्हय, माज्या पोटात दुखतंय म्हनून? त्याचा जबडा बघायचा. रवंथ थांबलं की समजायचं, आत कायतरी बिघाडलंय. माणसाचं उलटं आसतंय. माणूस गिळाय लागतंय. तोंडात काय नसताना तीनदा गिळलं आन् नाकाच्या पाळ्या पांढऱ्या पडल्या, की ट्रे न्यायचा. चौथ्याला येतंयच."

मी नऊ वर्षं शिकून डॉक्टर झाले होते. तोंडाला पाणी सुटणं, चेहरा पांढरा पडणं, ही सगळी लक्षणं मी पुस्तकात वाचली होती आणि परीक्षेत लिहिली होती. पेशंटच्या गळ्याकडे बघत बसायचं मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

"आणि टाक्यांवर हात?"

यावर तिनं हातातला ट्रे खाली ठेवला. मग सांगितलं. आठ वर्षांपूर्वी धाकट्या मुलीच्या, प्रगतीच्या, पाठीवर तिनं एका शिबिरात मुलं बंद व्हायचं ऑपरेशन करून घेतलं होतं. एका खोलीत सतरंज्या टाकून बायका ओळीनं झोपवलेल्या. भूल उतरली आणि जी उलट्यांना सुरुवात झाली ती दोन दिवस थांबली नाही. त्या जोरानं टाका उसवला, आत पू झाला, दीड महिना ती अंथरुणाला खिळली.

"तांब्या धराय कोन न्हवतं," ती म्हणाली. "समद्याच ओकत व्हत्या, कोन कुनाचा धरील?" आणि हसली. पुढं आमचा दवाखाना निघाला तेव्हा ती आली आणि म्हणाली, मला झाडलोट नको, ट्रे धरायचं काम द्या. असं काम कुठल्याही दवाखान्यात वेगळं नसतं, पण तिनं ते तयार केलं.

आता खरी गोष्ट सांगते. कुशाबाईच्या गर्भाशयाला गाठी झाल्या होत्या. महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस अंगावरून जायचं. सर्जननी तपासून स्पष्ट सांगितलं की पिशवी काढायला पाहिजे, नाहीतर रक्त जाऊन जाऊन एक दिवस काहीतरी होऊन बसेल. कुशाबाई सगळ्याला मान डोलवायची आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ट्रे घेऊन दुसऱ्या खोलीत जायची.

"कापायचं भ्या न्हाई बाई मला," ती मला म्हणाली. "भूल नगं. ती उलटी नगं. एकदा फाटलीया मी."

मला हे लागलं. सर्जनच्या सुरीवर हिचा विश्वास होता आणि माझ्या भुलीवर नव्हता. जी बाई रोज माझ्या पेशंटना सांभाळते, तीच माझ्या हातून झोपायला तयार नव्हती. सरळ सांगायचं तर मला तिची भीती घालवायची होती आणि माझी अब्रूही राखायची होती. दोन्हीत जास्त काय होतं, ते विचारू नका.

हे सत्त्याण्णव सालचं. त्याच सुमाराला उलटीवरचं एक नवं औषध आमच्याकडे मिळू लागलं होतं, ऑन्डान्सेट्रॉन नावाचं. परदेशातल्या मासिकांत त्याचं मोठं कौतुक येत होतं. पुण्यातल्या माझ्या सरांना मी फोन केला, तर ते म्हणाले, "कौतुक वाचू नकोस. तुझ्या पेशंटवर किती चालतं ते मोजून बघ." त्यांनी अशा अभ्यासांना मान्यता देणाऱ्या कमिटीची परवानगी मिळवून दिली आणि अभ्यास सुरू झाला. ऐंशी पेशंट. निम्म्यांना भूल उतरवताना ते औषध, निम्म्यांना नुसतं सलाइनचं पाणी. पाणी कशाला, तर कित्येकांना काही दिलं नाही तरी उलटी होतच नाही. मग औषधाचा गुण किती आणि नशिबाचा किती, हे कळणार कसं? कुणाला काय द्यायचं ते बंद पाकिटात. पाकीट उघडायचं फक्त गौतमी सिस्टरनी. त्यांनीच सिरिंज भरून मला द्यायची. औषधही पाण्यासारखंच दिसतं, त्यामुळे मलाही कळणार नाही आणि पेशंटलाही. दोनदा उलटी झाली की पाकिटात काहीही असो, जुनं नेहमीचं औषध ताबडतोब द्यायचं, हेही ठरलेलं.

गौतमी सिस्टर दौंडच्याच. त्यांच्या घराण्यात नोकरी करणारी पहिली मुलगी त्याच, आणि शिस्त अशी की वॉर्डातलं घड्याळ त्यांच्याकडे बघून लावावं. पाकिटांची पेटी त्यांनी कुलपात ठेवली आणि किल्ली गळ्यातल्या साखळीत ओवली.

पहिली अडचण नातेवाइकांची. सोपानराव नावाचे एक गृहस्थ थोरल्या भावाला घेऊन आले होते. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, तर म्हणाले, "औषध आसताना आमच्या आबाला पानी टोचनार? आमी काय वाकडं केलंय तुमचं?" मी पुन्हा समजावलं, जास्त अवघड शब्दांत. त्यांचा चेहरा आणखी उतरला.

कुशाबाई फरशी पुसत होती. ती उठली. "सोपानराव, भावकीत रानाच्या वाटण्या झाल्या तवा तुमी काय केलंत?"

"चिठ्ठ्या टाकल्या."

"का? थोरल्यानं आपल्या मनानं का न्हाई वाटलं?"

"मनानं वाटलं तर त्यो चांगलं रान सोताला ठिवील की."

"मग. बाईंनी मनानं वाटलं तर त्या आवडीच्या मानसाला औषध देतील. मग औषध चांगलं का मानूस चांगलं, कळनार कसं? म्हनून चिठ्ठी."

सोपानरावांनी भावाकडे बघितलं, भावानं मान हलवली, सही झाली. त्यानंतर पेशंटना समजावायचं काम मी कुशाबाईकडेच दिलं. सगळं ऐकून घेऊन नको म्हणणारेही निघाले, त्यांना आम्ही सोडून दिलं, पण न समजता सही कुणी केली नाही.

पहिले वीस पेशंट झाले आणि मी हवेत तरंगायला लागले. सहा तास दर तासाला मी स्वतः खाटेशी जाऊन विचारायची, "मळमळतंय का? उलटी झाली का?" आणि उत्तर यायचं, "न्हाई बाई, बरं हाय." विसांत फक्त दोघांनी हो म्हटलं. औषध असो की पाणी, माझी भूलच इतकी उत्तम होती की कुणाला त्रासच नव्हता. हे कागद मी कुशाबाईला दाखवायचं ठरवलं. आता तरी ऑपरेशनला तयार होईल.

तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "बाई, दोघंच ओकले?"

"दोघंच."

"मग मी सकाळपासनं धुती ते काय?"

मी तिच्यामागून धुण्याच्या जागी गेले. तिथे सात ट्रे पालथे घातले होते आणि आठवा तिच्या हातात होता. ती फक्त त्या दिवसाची गोष्ट होती.

"लोक माझ्याशी खोटं का बोलतात?" माझा आवाज चढला होता.

"खोटं न्हाई वो," कुशाबाई म्हणाली. "तुमी जीव वाचवला. वर दर तासाला येऊन इचारताय, तरास झाला का. व्हय म्हनलं तर तुमच्या हाताला नावं ठिवल्यागत व्हतंय. आशानं डाक्टरचा हातगुन जातो. मग म्होरल्या पेशंटचं कसं व्हायचं?"

म्हणजे पुढच्या पेशंटसाठी माझा हातगुण शाबूत राहावा, म्हणून वॉर्डातली माणसं माझ्याशी प्रेमानं खोटं बोलत होती. रागवावं की गळ्यात पडावं, मला कळेना. वीसही कागद मी बाजूला ठेवले. सरांना फोन करून सांगितलं तर ते इतके हसले की दोन मिनिटं मला नुसतं हसणंच ऐकू येत होतं. मग म्हणाले, "नव्यानं सुरू कर. आणि मोजायला त्या बाईंना घे. पाकिटात काय आहे ते त्यांनाही माहीत नाही ना? झालं तर."

त्या दिवसापासून मी पेशंटला काही विचारायचं नाही असं ठरलं. कुशाबाई बघायची. सहा तास झाले की ती समोर बसून एकेक खाट घ्यायची आणि मी लिहायची. "तीन नंबर, ती पिवळ्या लुगड्याची म्हातारी. दोनदा ओकली. एकदा नुसतं गिळून दाबलं, बाई येताना दिसल्या म्हनून." तिच्यासाठी मी कागदावर एक जास्तीचा रकाना आखला, 'गिळून दाबलं'. जगातल्या कुठल्याही अभ्यासात असा रकाना असेल असं मला वाटत नाही. सरांनी तो इंग्रजीत कसा घालायचा यावर एक आख्खं पत्र लिहिलं होतं.

असे पन्नास-पंचावन्न पेशंट झाले. मे महिना आला. एका दुपारी दवाखान्याच्या दारात टेम्पो येऊन उभा राहिला आणि त्यातून लग्न उतरलं. लग्न म्हणजे अख्खं लग्न. मांडवगण फराट्याचा नवरदेव, त्याची करवली, दोन्हीकडचे मामा, बँडवाले आणि बरीचशी पंगत. बासुंदी उतरली होती आणि तीस-बत्तीस माणसं ओकत होती. नवरदेवाच्या मुंडावळ्या सुटून कानात अडकल्या होत्या आणि नवरी, जी काही न खाता बसली होती म्हणून वाचली होती, ती त्याची पाठ चोळत होती. लग्न लागून तीन तास झाले नव्हते.

अभ्यास फक्त ऑपरेशनच्या पेशंटवर होता, त्यामुळे इथे चिठ्ठ्यांचा प्रश्न नव्हता. प्रश्न असा होता की कपाटात नव्या औषधाच्या बाराच अँप्यूल होत्या. मी कुणाला आधी द्यावं म्हणून या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होते. कुशाबाई दारात उभी राहिली आणि आत येणाऱ्या एकेकाच्या तोंडाकडे बघून हात करायला लागली. "ह्ये झालं ओकून, ह्याला निस्तं सलाइन लावा, कुशीवर निजवा. ह्यो आता ओकनार, ट्रे. ही म्हातारी वाळलीया, हिला आधी सुई. बँडवाल्याला कायबी न्हाई झालं, दुसऱ्याचं बघून ओकतोय, त्याला भाईर बसवा."

बँडवाला बाहेर मोकळ्या हवेत बसला आणि दहा मिनिटांत बरा झाला. पुष्कळशी माणसं सलाइन, ओला रुमाल आणि कुशाबाईचा दरारा एवढ्यावरच सावरली. संध्याकाळ व्हायच्या आत वॉर्ड शांत झाला. बारांपैकी चार अँप्यूल उरल्या. नवरदेवाची आई सगळ्यांदेखत म्हणाली की ह्या लग्नाची खरी मानकरीण कुशाबाई, आणि उरलेला आहेर तिलाच नेसवायला निघाली. सगळे हसत होते, नवरदेवसुद्धा.

कुशाबाई हसता हसता भिंतीला टेकली आणि हळूहळू खाली बसली.

मी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. ती आतून कागदासारखी पांढरी होती. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेपाच. इतक्या रक्तावर ही बाई दुपारभर बत्तीस माणसं उचलत होती. गेणबा धावत आला आणि खाटेच्या पायथ्याशी उभा राहून नुसता टोपी काढायचा, घालायचा.

आता मी आडवळणानं बोलले नाही. "कुशाबाई, रक्त चढवते. पंधरा दिवसांनी ऑपरेशन. नाही केलंत तर मराल, आणि मला ट्रे कोण धरणार?"

तिनं गेणबाला खुणेनं टोपी घालायला सांगितलं. मग म्हणाली, "करते. पर मला चिठ्ठीत घाला."

"कशाला? तुम्हाला मी सरळ औषध देते."

"समद्यांना मी सांगितलं, चिठ्ठीतच न्याय हाय. आन् माजी येळ आली की मागल्या दारानं औषध घिऊ? सोपानराव काय म्हनतील?"

"आणि तुमच्यावर लक्ष कोण ठेवणार?"

"तुमी. बघून बघून आलं आसंल की आता."

सरांना विचारलं. ते म्हणाले, त्या स्वखुशीनं येत असतील तर त्याही पेशंटच. नंबर बहात्तर.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी एक लाज वाटण्यासारखी गोष्ट केली. गौतमी सिस्टरना गाठलं आणि म्हटलं, पाकिटात काहीही निघो, तुम्ही औषधच भरा. कुणाला कळणार आहे?

सिस्टरनी गळ्यातली किल्ली मुठीत धरली. "मॅडम, मला कळेल. आणि उद्या या औषधाचं खरं काय ते आपल्यालाच कळलं नाही, तर पुढच्या कुशाबाईला काय देणार आहात तुम्ही?"

मला राग आला. कारण त्या बरोबर होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुशाबाई टेबलावर झोपली. माझा हात घट्ट धरून तिनं डोळे मिटले. ऑपरेशन छान झालं. भूल उतरवताना सिस्टरनी सिरिंज दिली, मी ती टोचली, आत काय होतं कुणास ठाऊक. मग तिला वॉर्डात आणलं आणि मी स्टूल घेऊन तिच्या खाटेशी बसले. मी कधी कुठल्या पेशंटजवळ अशी बसले नव्हते. दारात गेणबा आणि दोन्ही मुली, आणि खिडकीत जप्तीचे थर्मास.

तासाभरानं तिनं डोळे उघडले. माझ्याकडे बघून क्षीण हसली.

"कुशाबाई, मळमळतंय का?"

"न्हाई बाई. बरं हाय."

मला इतका आनंद झाला की काय सांगू. मी पेन काढलं, बहात्तर नंबरच्या कागदावर शून्य घालायला वाकले, आणि उगीचच, सवय लागली म्हणून, तिच्या गळ्याकडे बघितलं.

गळा हलला. तिनं गिळलं. मी थांबले. पुन्हा गिळलं. नाकाच्या पाळ्या पांढऱ्या. तिसऱ्यांदा गिळलं तेव्हा पेन खाली पडलं होतं आणि ट्रे माझ्या हातात होता. मी तिला कुशीवर वळवलं, डाव्या हाताचा तळवा तिच्या टाक्यांवर दाबून धरला, उजव्या हातानं ट्रे तिच्या गालाखाली सरकवला. चौथ्याला आलंच.

निम्मं ट्रेमध्ये गेलं आणि निम्मं माझ्या साडीवर. टाके हातानं दाबून मी मोठ्यानं मोजत होते, का ते माहीत नाही. सगळं संपल्यावर तिनं धापा टाकत एक डोळा उघडला.

"पोकळ बाजू गळ्याकडं धरायची बाई. उलटा धरलाय तुमी."

"तुम्ही खोटं का बोललात?" मी विचारलं. मी रडत होते आणि चिडलेही होते. "जगाला शहाणपण शिकवता आणि स्वतः 'बरं हाय'?"

"तुमचा हातगुन," ती म्हणाली. "म्होरला पेशंट हाय ना, त्र्याहत्तर नंबर." आणि तिलाच हसू आलं. हसल्यावर टाके दुखतील म्हणून मी पुन्हा हात दाबला. तिनं माझ्या हातावर आपला हात ठेवला, जरा वेळ तसाच राहू दिला, आणि डोळे मिटून म्हणाली, "लिवा. एक."

मी लिहिलं. त्यानंतर तिला उलटी झाली नाही. टाके सगळे जागच्या जागी राहिले. आठव्या दिवशी ते काढले तेव्हा गेणबानं दवाखान्यात पेढे वाटले. पहिला पेढा सर्जनला न देता त्यानं मला दिला. माझ्या उभ्या नोकरीतला तो पहिला.

पेरण्यांच्या दिवसांत ऑपरेशनला कोण येतंय, पण दोन महिन्यांत ऐंशी पेशंट पूर्ण झाले. कुणाला काय दिलं ती यादी उघडायच्या दिवशी आम्ही तिघी माझ्या खोलीत बसलो. कुशाबाई कामावर परत आली होती, गालांवर रंग आला होता, आणि तिला आता बसायला सांगितलं तरी ती बसत नसे. गौतमी सिस्टर नंबर वाचत गेल्या, मी खुणा करत गेले. पाण्याच्या चाळीसांतले तेवीस ओकले होते, औषधाच्या चाळीसांतले चौदा. औषध चालत होतं. मासिकांत लिहितात तितकं चमत्कारी नव्हे, पण चालत होतं.

"माजं काय व्हतं?" कुशाबाईनं विचारलं.

सिस्टरनी बोट खाली सरकवलं. "बहात्तर. औषध."

मी वरमले. तिला पाणी मिळालं असतं आणि त्यामुळे उलटी झाली असती, तर सांगायला सोपं गेलं असतं. नेमकं औषध मिळूनही तिचं पोट उलटलं होतं. मी पुटपुटायला लागले की चौदा जणांत कुणीतरी असणारच, औषध सगळ्यांना लागू पडत नाही.

कुशाबाई माझं ऐकत नव्हती. ती विचार करत होती. मग तिनं मान हलवली, एखादा हिशेब जुळल्यासारखी.

"म्हंजी औषध आसूनबी ट्रे धराय मानूस लागतंच की," ती म्हणाली, आणि पाच नंबरच्या खाटेवरचा पेशंट गिळायला लागलाय म्हणून उठून गेली.

पेपर लिहिताना हे वाक्य मी शेवटी घातलं होतं. सरांनी ते खोडलं आणि समासात लिहिलं, 'खरं आहे, पण आकडे दे.' आकडे मी दिले. वाक्य इथे देते.